पटावरचे दाणे
* बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दाणे दुप्पट करत गेल्यास ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. आपल्या जुन्या मोजणीत १८४ परार्धांहून अधिक. इतके दाणे द्यायचे कबूल करून बसलेल्या राजाच्या फजितीची कथा तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकाननेही नोंदवली आहे, पण आम्हांला कथेपेक्षा ही संख्याच अधिक नामी वाटते. पहिल्या अर्ध्या पटावर ४,२९,४९,६७,२९५ दाणे बसतात. या संख्येला तिच्याहून दोनाने मोठ्या संख्येने गुणले की पूर्ण पटाची बेरीज मिळते. अर्ध्या पटाच्या संख्येचे मूळ अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. यांतल्या कुठल्याही अवयवातून एक वजा करा, वर्ग करा, एक मिळवा, की पुढचा अवयव हजर! ही साखळी अशीच मूळ संख्यांची चालू राहील, असे गणितज्ञ फर्माला वाटले होते. पण पुढचीच कडी निसटली: ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे वरची ‘दोनाने मोठी’ संख्या. तिला ६४१ने भाग जातो, हे ऑयलरने १७३२मध्ये दाखवले. भागाकार ६७,००,४१७ येतो. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन अवश्य पडताळून पाहावा. — संपा.