मास्तर, मुले आणि मुलांचा शब्द

आमच्या नाशिकला पाहुण्यांना दाखवण्याजोग्या गोष्टींचा तोटा नाही. पंचवटी आहे, गंगेचा घाट आहे, १९३० च्या सत्याग्रहाने गाजलेले काळाराम मंदिर आहे. पण एक गोष्ट दाखवायची आमच्याकडून बहुधा राहून जाते, कारण ती तुरुंगाच्या भिंतीआड घडली. गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी या गावच्या तुरुंगात तेहतीस वर्षांचा एक राजबंदी लिहायला बसला आणि सोमवारी, १३ तारखेच्या सकाळी त्याने लेखणी खाली ठेवली. त्या पाच दिवसांत जे लिहून झाले ते १९३५ साली पुस्तकरूपाने निघाले. 'श्यामची आई' ठाऊक नाही असे मराठी घर शोधावे लागेल.

पुस्तक आईचे, यात शंकाच नाही. पण लिहिणारा हात मास्तरचा होता, हे आपण विसरतो. पुस्तकाची मांडणीच पाहा ना! प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. सायंकाळची प्रार्थना आटोपली की मंडळी श्यामभोवती जमतात, तो आठवण सांगतो, ती ऐकतात. सांगणाऱ्याने उंच चौरंगावर बसायचे आणि ऐकणाऱ्याने खाली माना घालायच्या, असा तो प्रकार नाही. ही बैठक लेखकाला कोठून सुचली असेल? माझी आपली समजूत अशी की, तिचे मूळ अमळनेरच्या छात्रालयात आहे.

अमळनेर म्हणजे खानदेशातले बोरी नदीकाठचे गाव. प्रताप शेटजींच्या उदार हाताने तेथे गिरणीबरोबर विद्याही आली. १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले. पांडुरंग सदाशिव साने तेथे आले ते तत्त्वज्ञानाच्या ओढीने. परंतु १९२४ साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावाजलेल्या शाळेत, शिक्षक झाले आणि त्यांच्याकडे छात्रालयही आले. तेही त्यांनी सांभाळले.

छात्रालयातला मुलगा म्हणजे घर सोडून आलेला मुलगा. दिवसा तो वर्गात हसतो, रात्री पांघरुणात रडतो. कोणी आजारी पडते, कोणाचे अंथरूण कधी झटकले जात नाही, कोणाची खोली म्हणजे उकिरडा. त्या काळचा रिवाज सरळ होता: छडी. साने मास्तरांनी छडी घेतली नाही, केरसुणी घेतली. मुले शाळेत गेली की खोल्या झाडायच्या, पसरलेले कपडे आवरायचे, मळलेले धुऊन टाकायचे, दुखणाईताच्या उशाशी बसायचे. पोरे सुरुवातीला गालातल्या गालात हसली असतील तर त्यात नवल नाही. फुकटचा गडी कोणाला नको असतो? परंतु आपला मळका सदरा आपल्या मास्तराने धुतला, हे पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी तो मळका टाकायला हात धजत नाही. शरमेपेक्षा वेगळे असे काहीतरी मनात हलते. ज्याने आपले कपडे धुतले त्याच्यापुढे आपले अज्ञान उघडे करायला मुलाला लाज वाटत नाही, आणि 'मला समजले नाही' एवढे तीन शब्द मुलाच्या तोंडून निघाले की शिकवण्याचे निम्मे काम झालेच म्हणावे. इतकी वर्षे फळ्यापुढे उभा राहिल्यावर एवढे तरी मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

याच छात्रालयात त्यांनी एक हस्तलिखित दैनिक चालवले. दैनिक! वर्तमानपत्राच्या कचेरीत दहा माणसे जे काम करतात ते हा गृहस्थ शाळेचे तास सांभाळून एकट्याने करी. त्यात विचार असत, थोरांची चरित्रे असत, देशातल्या घडामोडी असत. पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. १९३० साली देशाची हाक आली आणि त्यांनी शाळा सोडली.

तथापि एक गोष्ट भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून बोलली पाहिजे. छात्रालयाच्या त्या दैनिकात प्रेम ओसंडत होते, पण लेखणी मुख्यतः मास्तरांची होती. मुलांवर जीव लावणे ही एक गोष्ट आणि मुलांचे म्हणणे जगापुढे जाऊ देणे ही दुसरी. दुसरी अधिक अवघड, कारण मूल काय म्हणेल याचा नेम नसतो. ती कोठे घडली हे पाहायचे तर आणखी पाऊणशे वर्षे मागे, पुण्यास जावे लागते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा घातली आणि पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी शिकत होती. कोवळ्या वयाच्या या मुलीने एक निबंध लिहिला: महार-मांगांच्या दुःखाविषयी. शाळेतला निबंध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गाय उभी राहते किंवा पावसाळा. हिने काय लिहावे? आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले. पेशवाईत आपल्या लोकांना काय भोगावे लागले ते सांगितले, आणि डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्यातल्या बायांचे हालही लिहिले.

आता क्षणभर त्या मास्तरांच्या जागी बसून पाहा. गावात आधीच वैर पत्करलेले; बापाच्या घरातूनही बाहेर पडावे लागलेले. अशा वेळी एखाद्याने म्हटले असते, 'पोरी, लिहिलेस छान, पण हे वहीतच राहू दे.' तसे झाले नाही. अमेरिकन मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय' पत्रात तो निबंध १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. मुलीला अक्षरे शिकवणारे त्या काळी थोडे होते. शिकलेल्या अक्षरांनी तिला स्वतःचे बोलू देणारे त्याहून थोडे. आज दीडशेहून अधिक वर्षांनी आपण तो निबंध वाचतो तो कोणाची दया म्हणून नव्हे. त्यातले प्रश्न अजून जड जातात म्हणून.

ज्यांना अजून अक्षरेच ठाऊक नाहीत, त्या मुलांचे म्हणणे मात्र कागदावर सापडत नाही. ती बोलतात ती पायांनी. शाळा आवडली नाही की येत नाहीत, एवढाच त्यांचा अर्ज. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी तो वाचला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला, समुद्रकाठी, बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि पुढे मुक्काम हलवला तो कोसबाडच्या टेकडीवर, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वारली पाड्यांत. या अनुताई आमच्या ओळखीच्या; आधी त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरीच्या शाळेत शिकवले होते.

आदिवासी मूल बालवाडीत येईना. तेव्हा बाईंनी मुलांना दोष दिला नाही, बालवाडीच उचलून पाड्यावर नेली आणि झोपडीपुढच्या अंगणात मांडली. अंगणवाडी हा शब्द आज सरकारी कागदावर इतका रुळला आहे की, त्यातले अंगण कोणाला दिसतही नाही. मुलाला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, आसपासची पाने, बिया, शिंपले हेच साहित्य. मग गाणी आणि मग अक्षरे.

थोरली मुले तरीही हाती लागत नव्हती, कारण त्यांच्यामागे गुरे होती. पोटाचा प्रश्न सुटल्याखेरीज पाटी कोण धरणार? तेव्हा कुरणशाळा निघाली. सकाळी गुरे रानात सुटली की मास्तरही त्यांच्यामागे रानात जाई. गाय दूर गेली की मूल धडा तसाच टाकून तिच्यामागे धावे आणि ते परत येईपर्यंत मास्तर झाडाखाली वाट पाहत बसे.