सांगावे, पण कोणाचे?

सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील आपल्या जुन्या मराठी घरांत पत्रलेखनाचा एक अलिखित दंडक असे : खुशाली पोस्टकार्डावर, घरातील अडचण बंद पाकिटात. उघडे कार्ड वाटेत कोणीही वाचू शकतो, हे सर्वांस ठाऊक होते. शिवाय निजामी राजवटीत जाहीर सभेलाही परवानगी लागे. जपून बोलणे ही तेव्हा केवळ मर्यादा नव्हे, गरजही होती.

आज त्याच घरांतून बारशापासून रुग्णशय्येपर्यंत सारे काही छायाचित्रांसह समाजमाध्यमांवर जाते. वडीलधारी मंडळी यास संस्कारलोप म्हणतात. आम्हांस हे निदान अपुरे वाटते, कारण आपल्या परंपरेने आत्मकथन कधीच निषिद्ध मानले नाही.

वेरूळ परिसरातील देवगावी जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) अभंगांतून स्वतःचे चरित्र सांगितले. तुकोबांवरील निष्ठेपायी सोसलेला पतीचा कोप आणि मारहाणही त्यांनी लपविली नाही. पुढे, पतीचे नाव उच्चारणेही स्त्रिया टाळत त्या काळात, न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली, रमाबाईंनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी ग्रंथरूपाने वाचकांपुढे ठेवल्या.

तेव्हा मौन हाच आपला धर्म, असे म्हणता येत नाही. ‘घरची गोष्ट घरात’ या वचनाने घराची अब्रू राखली, तसे पुष्कळ अन्यायही झाकले. बहिणाबाई बोलल्या नसत्या, तर त्यांचे दुःख आपणांस कळलेच नसते. मात्र त्यांनी सांगितले ते स्वतः भोगलेले.

भेद आहे तो इथे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हा अधिकार व्यक्तीचा आहे, कुटुंबप्रमुखाचा नव्हे. आमच्या परिचयातील एका घरी नातवाने आजोबांचे रुग्णालयातील छायाचित्र आप्तांच्या गटावर पाठविले. हेतू चांगलाच होता. चौकशीचे फोनही आले. आजोबा एवढेच म्हणाले, “मला विचारलं असतंस, तर दाढी तरी केली असती.”

ते हसून बोलले खरे, पण त्यात एक तक्रार होती. आपले दुःख जगाला सांगण्याची मोकळीक प्रत्येकास असावी. दुसऱ्याचे सांगण्यापूर्वी मात्र त्याला विचारावे. जुन्या दंडकातून पुढच्या पिढीस द्यावे असे आम्हांस वाटते ते एवढेच.