इंग्रजीतील चूक आणि तिच्यामागची मराठी

परप्रांतांत नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींचे निम्मे आयुष्य इंग्रजी टिपणे लिहिण्यात जाते. त्यांतील एखाद्या वाक्याखाली वरिष्ठांची तांबडी रेघ उमटली, म्हणजे मनाला जो संकोच होतो, तो आम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. या संकोचालाही एक इतिहास आहे.

१८३५ साली मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण आले. १८४४ साली गव्हर्नर-जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचे ठरविले. इंग्रजी ही तोवर विद्या होती, ती आता उपजीविकाही झाली. आणि व्याकरणाची चूक भाकरीशी जोडली गेली. पुढे या चुकांचा थट्टेसाठी संग्रह होऊ लागला. आर्नल्ड राइट यांचे ‘बाबू इंग्लिश’वरील पुस्तक १८९१ साली निघाले, ते याच वृत्तीचे. अर्जदाराचे पोट ज्या वाक्यावर अवलंबून, तेच वाक्य दुसऱ्याच्या करमणुकीचे साधन झाले!

परंतु हसणे निराळे आणि शिकविणे निराळे. मुंबई इलाख्याच्या सिव्हिल सर्व्हिसमधील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली ‘इंडियन इंग्लिश’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. हिंदी लोकांच्या इंग्रजीतील वाक्प्रचारांच्या चुका तपासणे, हा त्यांचा उद्देश होता. चूक ही अभ्यासाची वस्तू आहे, ही जाणीव मोठी होय. त्यापुढची पायरी मात्र आमची आम्हांसच चढावी लागते. कारण आमच्या चुकीमागे उभी असलेली मराठी आम्हांसच ऐकू येते.

एक उदाहरण घेऊ. चौकशीत कारकून सांगतो, ‘मी जबाबदार आहे.’ आम्ही मराठीत लिहितो, ‘तो म्हणाला, की मी जबाबदार आहे.’ येथे ‘मी’ म्हणजे बोलणारा, याविषयी कोणास संशय येत नाही. हेच वाक्य शब्दशः इंग्रजीत गेले, की ‘ही सेड दॅट आय ॲम रिस्पॉन्सिबल’ असे होते. आणि साऱ्या दोषाचे ओझे अहवाल लिहिणाऱ्याच्याच शिरावर येऊन बसते! इंग्रजीत अप्रत्यक्ष कथनात पुरुष बदलतो, आणि बहुधा काळही मागे सरतो. म्हणून तेथे ‘ही सेड दॅट ही वॉज रिस्पॉन्सिबल’ असेच हवे.

‘शंका’ या शब्दाचेही तसेच. मराठीत शंका विचारणे हे नम्र शिष्याचे लक्षण. पण ‘आपल्या आदेशाविषयी मला डाउट आहे’ असे इंग्रजीत लिहिले, तर वाचणाऱ्यास त्यात अविश्वास दिसतो. तेथे ‘क्वेश्चन’ हा साधा शब्द पुरतो. ‘सिन्स टेन इयर्स’ची गोष्टही अशीच. आमचे ‘पासून’ प्रारंभही दाखविते आणि अवधीही. इंग्रजीने प्रारंभासाठी ‘सिन्स’ व अवधीसाठी ‘फॉर’ अशी वाटणी केली आहे. म्हणून ‘सिन्स १९५०’, पण ‘फॉर टेन इयर्स’. क्रियापदही तेथे साधे वर्तमानकाळी चालत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर’ असे म्हणावे लागते.

याचा अर्थ प्रत्येक वेगळा प्रयोग चूकच असतो, असे नव्हे. सभा अलीकडे घेण्यासाठी आमच्या कचेऱ्यांत रूढ झालेला ‘प्रीपोन’ हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशांत जाऊन बसला. ज्याची गरज होती आणि ज्याने अर्थ बिघडविला नाही, तो टिकला. म्हणून आमची कसोटी एकच: वाचणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो काय?

मेकॉलेच्या टिपणानंतर एकाच वर्षाने, १८३६ साली, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. इंग्रजीचा दरारा वाढत असता एका मराठी माणसाने स्वभाषेचे नियम शोधावे, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. घरापासून दूर वाढणाऱ्या आमच्या मुलांच्या हाती इंग्रजी व्याकरण आपोआप येते. मराठीचे आम्हीच द्यावे लागते. ते दिले, तर तांबड्या रेघेखालचे वाक्य वाचून त्यांना केवळ लाज वाटणार नाही. ती चूक कोठून आली, हेही उमगेल.