मत्स्यालय, घरगुती

शोभेसाठी, करमणुकीसाठी किंवा निरीक्षणासाठी मासे, इतर जलचर व पाणवनस्पती घरात ठेवण्याकरिता वापरण्यात येणाऱ्या पारदर्शक टाकीस घरगुती मत्स्यालय म्हणतात. सार्वजनिक मत्स्यालय, मत्स्यसंवर्धनाचे तळे किंवा बागेतील हौद यांहून ते आकारमानाने लहान असतेच. परंतु मुख्य भेद असा की, नदी, तलाव वा समुद्र यांत निसर्गतः होणारी ऑक्सिजनचा पुरवठा, मलद्रव्यांचे विघटन, तापमानाचे स्थैर्य इ. कार्ये येथे थोड्याशा पाण्यात पालकाला घडवून आणावी लागतात. त्यामुळे या छंदाचा इतिहास हा जसा पाण्याखालचे जीवन घरबसल्या पाहण्याच्या आनंदाचा इतिहास आहे, तसाच त्या जीवनाचा भार कोणी व कसा वाहावयाचा, या प्रश्नाचाही आहे.

पूर्वेतिहास : मासे हौसेने पाळण्याची प्रथा प्राचीन आहे. रोमन धनिकांच्या समुद्रकाठच्या वाड्यांतून माशांची तळी असत. तथापि पिढ्यान्‌पिढ्या निवड करून केवळ शोभेसाठी मासा घडविण्याचे श्रेय चीनकडे जाते. कार्प कुलातील एका साध्या, करड्या माशात अधूनमधून आढळणारे तांबूस-सोनेरी नमुने तेथे वेगळे राखले जात आणि सुंग राजवटीत (९६०–१२७९) राजोद्यानांतील तळ्यांत त्यांची जोपासना होऊ लागली. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) हे मासे तळ्यांतून मातीच्या व चिनी मातीच्या भांड्यांत, म्हणजेच घरात आले. तळ्यात जे विकृत नमुने टिकले नसते, ते भांड्यात टिकले व जोपासले गेले. दुहेरी शेपटी, बाहेर आलेले डोळे, आखूड व गोल शरीर ही गोल्डफिशची वैशिष्ट्ये या बंदिवासाची फळे होत. भांडे अपारदर्शक असल्याने मासा वरून पाहिला जाई. त्यामुळे वरून आकर्षक दिसणाऱ्या लक्षणांची निवड प्रामुख्याने झाली. चीनमधून हा मासा जपानमध्ये व सतराव्या शतकापासून यूरोपात पसरला.

यूरोपात काचेच्या भांड्यातील मासे हा प्रथम नवलाचा विषय होता. इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स याने २८ मे १६६५ च्या नोंदीत लंडनमधील एका घरी काचपात्रात पाहिलेल्या परदेशी माशांचे वर्णन केले असून, ते तसेच सदैव जिवंत राहतात, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात लहान भांड्यातील मासे वारंवार मरत आणि त्यांच्या जागी नवे आणले जात. पाण्यातील ऑक्सिजन संपतो, हे कळण्यास आणखी एक शतक लागावयाचे होते. जोसेफ प्रीस्टली याने १७७१ मध्ये वनस्पती दूषित हवा पुन्हा श्वसनयोग्य करतात, असे दाखविले व यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये त्यासाठी सूर्यप्रकाश आवश्यक असल्याचे सिद्ध केले. मत्स्यालयाची शास्त्रीय बैठक या शोधांनी घातली गेली.

समतोल जलपात्र : अभ्यासासाठी काचेच्या टाक्यांचा पद्धतशीर वापर प्रथम झान व्हीलप्रो-पॉवर या विदुषीने १८३२ च्या सुमारास सिसिलीत केला. आर्गोनॉट हा मृदुकाय प्राणी आपले कवच स्वतःच तयार करतो, हे तिने अशा टाक्यांतील निरीक्षणांवरून दाखवून दिले. इंग्लंडमध्ये ॲना थिन या महिलेने १८४६ मध्ये टॉर्की येथून प्रवाळ आणून लंडनमधील आपल्या घरी ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धा-पाऊण तास ओतले जाई आणि हे काम घरातील मोलकरीण करी. पुढे तिने पाण्यात समुद्रवनस्पती सोडल्या व ती टाकी सु. तीन वर्षे टिकली.

वनस्पती व प्राणी यांच्या परस्परावलंबनाचे तत्त्व रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुस्पष्टपणे मांडले. त्याने सु. १३ गॅलन (सु. ६० लि.) पाण्यात दोन गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही काळाने कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने गोड्या पाण्यातील गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, त्यांची अंडी व पिले माशांना अन्न म्हणून उपयोगी पडली आणि पाणी निवळले. हे निष्कर्ष १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्राण्यांची संख्या मर्यादेबाहेर जाऊ देऊ नये, ही अट वॉरिंग्टनने घातली होती. मात्र लोकांनी त्यातून पाणी न बदलता आपोआप चालणारी टाकी, एवढाच अर्थ घेतला.

लाट व ओहोटी : या कल्पनेच्या प्रसाराला काळही अनुकूल होता. ब्रिटनमध्ये काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द होऊन काच स्वस्त झाली होती. नथॅन्येल वॉर्डच्या बंद काचपेट्यांमुळे दिवाणखान्यात नेचे वाढविण्याची चाल पडली होती. रेल्वेमुळे समुद्रकिनारा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या १८५४ मधील ग्रंथाने ‘ॲक्वेरियम’ ही संज्ञा व हा छंद दोन्ही घरोघरी पोहोचविली. जर्मनीत हेच कार्य एमिल आडोल्फ रोसमेस्लर याच्या १८५६ मधील लेखाने केले.

त्यानंतरची लाट अल्पायुषी ठरली. टाक्यांत जीव दाटीने भरले जात. उन्हाळ्यात पाणी तापे, हिवाळ्यात गोठे. एक जीव मेला की उरलेले पाठोपाठ मरत. १८६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये कित्येक टाक्या रिकाम्या होऊन अडगळीत गेल्या. या लाटेचा परिणाम घरापुरताही राहिला नाही. हौशी संग्राहकांनी किनाऱ्यावरील खडकांतली डबकी ओरबाडून काढली. गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात आपल्या बालपणी पाहिलेल्या समृद्ध किनाऱ्याच्या या नाशाबद्दल खेद व्यक्त केला असून, वडिलांच्या लोकप्रिय लेखनाचा त्यातील वाटाही त्याने लपविलेला नाही.

उष्ण कटिबंधीय मासे व साधने : पॅरिसमधील प्येर कार्बोन्ये याने १८६९ मध्ये पूर्वेकडून आलेल्या पॅराडाइज माशाचे प्रजनन घडविले. हवेतून श्वसन करू शकणारा व बुडबुड्यांचे घरटे बांधणारा हा मासा अल्प ऑक्सिजनच्या पाण्यातही तग धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हौशी पालकांच्या संस्था व नियतकालिके उदयास आली. विजेपूर्वी टाकीच्या दगडी तळाखाली दिवा वा गॅसची ज्योत ठेवून पाणी ऊबदार राखीत. पहिल्या महायुद्धानंतर घरगुती वीजपुरवठ्याबरोबर दिवा, हवापंप, तापक व गाळणी ही साधने आली आणि मोलकरणीने खिडकीशी उभे राहून करावयाचे काम यंत्राकडे गेले. मात्र पंप बंद पडला की दाटीने भरलेल्या टाकीतील मासे काही तासांतच संकटात सापडतात, हे नवे परावलंबनही त्याबरोबर आले.

पेरूमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यात सापडलेला, निळ्या चमकत्या पट्ट्याचा निऑन टेट्रा १९३६ मध्ये शास्त्रीय दृष्ट्या वर्णिला गेला. अमेरिकन लेखक विल्यम इनेस याच्या सन्मानार्थ त्याला ‘इनेसी’ हे जातिनाम देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमान वाहतूक व ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांमुळे जगातील कोणत्याही नदीचा मासा काही दिवसांत कोणत्याही शहरात पोहोचू लागला. १९६० नंतर सिलिकोनने सांधलेल्या, चौकटीविरहित काचेच्या टाक्या प्रचारात आल्या. गळणारे लांबी-डांबराचे सांधे व गंजणाऱ्या धातूच्या चौकटी यांतून पालकांची सुटका झाली व खाऱ्या पाण्याची टाकीही घरात शक्य झाली.

पाण्यातील अदृश्य कार्य : वॉरिंग्टनच्या काळी सारे लक्ष ऑक्सिजनवर होते. परंतु टाकीतील मृत्यूंचे अधिक सामान्य कारण माशांनीच बाहेर टाकलेला अमोनिया हे आहे. सूक्ष्मजीव अमोनियाचे प्रथम नायट्राइटात व नंतर तुलनेने कमी विषारी नायट्रेटात रूपांतर करतात. ही क्रिया जैविक असल्याचे १८७७ मध्ये कळले व तीमधील जंतू १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्‌स्की याने वेगळे केले. हे सूक्ष्मजीव वाळूवर व गाळणीत वस्ती करतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणल्या दिवशीच तीत भरपूर मासे सोडणे, हे म्हणूनच बहुतेक अपयशांचे मूळ असते. स्वच्छतेच्या हौसेने वाळू व गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यास हे सूक्ष्मजीव नष्ट होतात आणि चकचकीत टाकीतच मासे मरतात. सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयाच्या वाळूतून २००५ मध्ये अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया गटातील सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. महासागरांतील नायट्रोजन चक्राच्या आकलनात त्या शोधाने मोठी भर घातली.

लाभ : हौशी टाक्यांनी प्राणिविज्ञानाला बरेच दिले आहे. नीको टिनबर्जेन व कोनरॅड लोरेन्ट्‌स या वर्तनशास्त्रज्ञांनी (नोबेल पारितोषिक १९७३) माशांच्या वर्तनाची निरीक्षणे टाक्यांतून केली. टिनबर्जेनच्या लायडन येथील प्रयोगशाळेतील काटेरी स्टिकलबॅक नर खिडकीबाहेरून जाणाऱ्या टपालाच्या तांबड्या गाडीवरही प्रतिस्पर्धी समजून धावून जात. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून वर्णिलेला पट्टेरी झेब्राफिश अनेक दशके केवळ शोभेचा मासा होता. जॉर्ज स्ट्रायसिंगर याने अमेरिकेत त्यावर आनुवंशिकीचे प्रयोग सुरू केले व १९८१ नंतर तो प्रयोगशाळांतील एक प्रमुख प्राणी बनला. मासे पाहत बसण्याने रक्तदाब काही अंशी उतरतो, असे १९८० नंतरच्या दशकातील अमेरिकन अभ्यासांत आढळले. मुलांना जन्म, वाढ, संगोपन व मृत्यू यांची पहिली ओळख पुष्कळदा टाकीपाशीच होते.

पालकावरील भार : ९० × ४५ × ४५ सेंमी. मापाच्या टाकीतील पाण्याचेच वजन सु. १८२ किग्रॅ. भरते, वाळू, दगड व काच वेगळी. दर आठवड्यास काही पाणी बदलणे, शेवाळ खरवडणे, मोजके अन्न घालणे, पांढऱ्या ठिपक्यांसारखे रोग वेळीच ओळखणे, ही कामे कधी संपत नाहीत. मासा ओरडत नाही; त्यामुळे त्याचे दुखणे पाहणाऱ्यालाच ओळखावे लागते. योग्य निगेत गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे वा अधिक जगतो. गोल भांड्यात तो क्वचितच पूर्ण वाढतो. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाला टाकीची सोय कोणाकडे तरी लावावी लागते, तर भारनियमन असलेल्या भागात पंपासाठी विजेची पर्यायी तजवीज करावी लागते.

परिसरावरील भार : गोड्या पाण्यातील बहुतेक शोभेचे मासे आज संवर्धन केंद्रांत वाढविले जातात, सागरी मासे मात्र मुख्यत्वे निसर्गातूनच पकडले जातात. फिलिपीन्समध्ये १९६० नंतर त्यासाठी सायनाइडचा वापर होऊ लागला व प्रवाळभित्तींची हानी झाली. मात्र निसर्गातून पकडणे सर्वत्र घातकच असते असे नाही. ब्राझीलमधील नेग्रो नदीच्या काठी कार्डिनल टेट्राच्या मासेमारीवर अनेक कुटुंबांची उपजीविका चालत आली आहे आणि नदी व जंगल राखण्यात त्यांचे हित गुंतलेले आहे. याउलट, कंटाळलेल्या पालकाने दयेपोटी नदीत सोडलेला मासा तेथील जीवसृष्टीस धोका ठरू शकतो. शेवाळ खाणारा म्हणून टाकीत आणलेला व पुढे हातभर वाढणारा दक्षिण अमेरिकन सकरमासा केरळ, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल इ. राज्यांतील जलाशयांत पसरला असून, त्याच्या अस्थिमय काटेरी कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात.

भारत : मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना रंगीत माशांची ओळख करून दिली. महाराष्ट्रात डासांच्या अळ्या खाण्यासाठी पाणवठ्यांत सोडला जाणारा गप्पी मासा हा मूळचा दक्षिण अमेरिका व त्रिनिदाद येथील असून, तो टाक्यांतूनही तितकाच परिचित आहे. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्हा व चेन्नईजवळील कोळत्तूर येथे शोभेच्या माशांचे संवर्धन हा घरगुती व्यवसाय बनला आहे. केरळातील तांबड्या-काळ्या पट्ट्याच्या डेनिसन बार्ब माशाला १९९० नंतर परदेशांत मोठी मागणी आली. अतिरिक्त पकडीमुळे तो संकटग्रस्त ठरला आणि केरळ शासनाने २००८ मध्ये त्याच्या पकडीवर निर्बंध घातले. २०१३ मध्ये त्यासाठी निर्माण केलेल्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ हे पर्वतावरून घेतलेले नाव देण्यात आले. आता या माशाचे बंदिस्त प्रजननही होते.

टाकीतील मासा मेल्यास त्याने घरावरील संकट आपल्यावर घेतले, असा समज भारतात पुष्कळ कुटुंबांत आढळतो व मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणला जातो. बहुतेक वेळा हे संकट पाण्यात साठलेल्या अमोनियाचे असते. टाकी आधी काही आठवडे चालवून तीत थोडे मासे सोडणे आणि पाणी नियमाने अंशतः बदलणे, एवढ्याने त्यातील बरेचसे मृत्यू टळतात.