फाळक्यांच्या प्रवासाची शिदोरी

परदेशप्रवासाची तयारी म्हटली की पासपोर्ट, तिकीट आणि बॅगा डोळ्यांपुढे येतात. दादासाहेब फाळके यांची तयारी निराळी होती. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावरील ख्रिस्त पाहता पाहता त्यांच्या मनासमोर राम-कृष्ण उभे राहिले. ही विद्या विलायतेला जाऊन शिकायची, असा त्यांचा निश्चय झाला.

मुद्रणव्यवसाय सुटलेला, हाती पैसा नाही. तरीही अभ्यास सुरू झाला. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. या अतिश्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग प्रवासखर्चासाठी त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवली. आपल्या पश्चात घराला आधार व्हावा म्हणून राखलेला कागदच पणाला लागला. पत्नी सरस्वतीबाई मात्र पाठीशी खंबीर राहिल्या.

फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत ते थेट शिरले, कारण मुंबईत ते त्याचे वाचक होते. संपादक केबर्न यांच्या साहाय्याने त्यांना सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहता आला. विल्यमसन कॅमेराही घेतला. एप्रिलमध्ये ते परतले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

लंडनचा मुक्काम थोडा, तयारी कित्येक महिन्यांची. काय पाहायचे आणि काय विचारायचे, हे ठरवून निघालेल्या प्रवाशाला थोडे दिवसही पुरतात.