शेंडा, पान आणि राळ

साल 1894. पुण्याच्या पेठेतलं गांजाचं दुकान. तुम्ही उंबऱ्याशी उभे आहात आणि उगाचच मागे वळून बघताय, कुणी ओळखीचं तर नाही ना? दुकानदाराला तुमची घालमेल कळतच नाही. त्यानं लिलावात बोली लावून वर्षाचा मक्ता घेतलाय. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याखालचा परवाना त्याच्यामागे भिंतीवर टांगलाय. एका पारड्यात तो तोळ्याचं वजन टाकतो, दुसऱ्यात नगरकडचा तुरा. तुडवून चपटा केलेला, हिरवट-तपकिरी, बोटांना चिकटणारा. वास हात धुतल्यावरही जायचा नाही. बाहेर ओट्यावर एक बैरागी चिलमीची छापी भिजवत बसलाय. सरकारचा कर पोचलाय, मग कुणाच्या बापाची भीती?

विलायतेत मात्र ओरड आहे की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजामुळंच भरताहेत. पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि 1893 मध्ये सात जणांचा आयोग नेमला गेला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग, सभासदांत तिघे हिंदी.

1892 मध्ये मागे सरका, कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात. कारकुनाच्या खांद्यावरून वाकून बघा. रोग्याबरोबर आलेल्या कागदावर एक रकाना आहे, ‘वेडाचं कारण’. रोगी भिंतीकडं तोंड करून बसलाय, तो काही सांगणार नाही. शेजारी म्हणाला होता, कधीमधी चिलीम ओढायचा. झालं. बोरू दौतीत बुडतो आणि रकान्यात ‘गांजा’ उमटतो. डॉक्टर पुढं हेच उतरवून घेणार, वर्षाच्या अहवालात त्याचा आकडा होणार, आणि तो आकडा लंडनला जाणार.

आयोगानं नेमका हाच रकाना पकडला. 1892 साली गांजा-भांगेच्या नावावर मांडलेली 222 प्रकरणं त्यानं एकेक करून उकरली. तपासाअंती उरली 98, आणि त्यांतही कित्येकांत दुसरं कारण सोबत होतंच. 1,193 साक्षी झाल्या. निष्कर्ष असा की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अतिरेक वाईट, सरसकट बंदी नको. कर आणि परवान्यानं आवर घाला. इतकं कसोशीनं काम करणाऱ्या सरकारी समित्या मला फार माहीत नाहीत. अर्थात, हाती येणारा महसूल सोडायची सरकारलाही घाई नव्हतीच.

पुढं चला. 1925 मध्ये जिनिव्हात इजिप्तच्या आग्रहानं गांजा अफूच्या करारात शिरतो.

1949, मुंबई. इथं गांजा नाही, दारू; पण कायद्याची व्याख्या काय काय पकडते ते बघा. मोरारजी देसाईंची दारूबंदी. तुमच्या हातात दाढीनंतर लावायची कोलनची बाटली आहे. तिच्यात अल्कोहोल आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी तीही दारूच! हसू नका, बलसारा नावाचे गृहस्थ याच कोलनसाठी, लव्हेंडर वॉटरसाठी आणि हो, व्हिस्कीसाठीही कोर्टात गेले. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं औषधं आणि प्रसाधनं सोडवली. व्हिस्की तशीच अडकली.

1961 च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजाचा परंपरागत वापर मिटवायला 25 वर्षांची मुदत दिली. ती सरत आली तशी दिल्लीला जाग आली. 1985 च्या ऑगस्टमध्ये अमली पदार्थांच्या कायद्याचं विधेयक, 16 सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती, 14 नोव्हेंबरपासून अंमल. बालदिनीच.

त्याच दिवशी तुम्ही मुंबईतल्या एका पोलीस चौकीत, बाकावर. पुण्यातून निघताना तुरा खिशातच राहिला होता. टेबलावर तो पिवळ्या दिव्याखाली पडलाय. फौजदारापुढं नवा कायदा उघडा आहे. झाड एकच, पण फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, पाच वर्षांपर्यंत कैद. राळ खरवडून वेगळी केलीत तर चरस, किमान दहा वर्षं. नुसतं पान म्हणजे भांग, तिला या कायद्यात जागाच नाही.

हवालदार तुरा उचलतो. देठाशी दोन-चार पानं आहेत.

“साहेब, पानं खुडून वजन करू?”

फौजदार व्याख्येवर बोट ठेवून पुन्हा वाचतो. पान सुटं असलं तरच वगळायचं. शेंड्याबरोबर असलं तर तेही गांजाच.

“राहू दे. आहे तसंच टाक काट्यावर.”