एका शब्दाचे उत्तर



आपल्याकडे शाळाशाळांतून सामान्यज्ञानाच्या परीक्षा होतात, हे तुम्हांला मी सांगायला नको. थोडा भूगोल, थोडा इतिहास, थोडे शास्त्र, नागरिकशास्त्र, गणित. प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर एका शब्दाचे किंवा एका आकड्याचे. मुलांना हा खेळ आवडतो. तपासणाऱ्यालाही तो सोयीचा पडतो. बरोबर असेल तर गुण, चुकले तर शून्य. वाद नाही, तक्रार नाही.

पण तक्रार असते, हे मला काही वर्षांपूर्वी कळले. एका तालुक्याच्या गावी अशा स्पर्धेला परीक्षक म्हणून मी बसलो होतो. 'सूर्यमालेत ग्रह किती?' असा प्रश्न निघाला. पाचवीतली एक मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "नऊ." माझ्या हातातल्या कागदावर 'आठ' लिहिलेले होते. मी शून्य मांडले. तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, आमच्या पुस्तकात नऊच आहेत हो. नावं म्हणून दाखवू?" आणि बुधापासून प्लुटोपर्यंत तिने क्रमाने ती म्हणूनही दाखवली. तिच्या शाळेत सामान्यज्ञानाचे एकच पुस्तक होते, आणि ते जुने होते. मी मात्र 'नियम तो नियम' असे म्हणून पुढचा प्रश्न वाचला. त्या एका शून्याने तिचा नंबर गेला. आता सांगायला हरकत नाही: त्या दिवशी तिच्यापेक्षा मला काही जास्त कळत होते असे नाही. माझ्या हातातला कागद तेवढा नवा होता.

तेव्हापासून या एकशब्दी उत्तरांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. ही उत्तरे काही आभाळातून पडत नाहीत. कोणी तरी, कधी तरी ती शोधून काढलेली असतात. त्यांवर भांडणे झालेली असतात. आणि काही उत्तरे मागाहून बदललेलीही असतात. त्यांतली दोनतीन आज तुमच्यापुढे ठेवतो.

ग्रहांचे चटकन उरकू. प्लुटो सापडला १९३० साली, अमेरिकेत. क्लाइड टॉम्बॉ नावाच्या तरुणाने आकाशाचे फोटो एकापुढे एक ठेवून तो हुडकला. पुढे त्या दूरच्या भागात तशाच आणखी वस्तू दिसू लागल्या. त्या सगळ्यांना ग्रह म्हणायचे, की प्लुटोलाच यादीतून काढायचे, असा पेच पडला. तेव्हा २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरी जमलेल्या ज्योतिर्विदांनी मते घेऊन ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लुटो 'बटुग्रह' झाला. म्हणजे शाहात्तर वर्षे 'नऊ' हे उत्तर बरोबर होते! आणि गंमत अशी की, असे हे पहिल्यांदाच घडले नाही. १८०१ ते १८०७ या काळात मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये चार लहान गोल सापडले होते, आणि पुढे कितीतरी वर्षे पुस्तकांतून ते ग्रहांतच धरले जात. त्या वेळच्या युरोपातल्या मुलाने 'ग्रह अकरा' असे सांगितले असते तर त्याला पुरे गुण मिळाले असते.

आता भूगोलाचा नेहमीचा प्रश्न घ्या. जगातले सर्वांत उंच शिखर कोणते आणि त्याची उंची किती? एव्हरेस्ट, हे पोराबाळांनाही पाठ आहे. पण डोंगराच्या माथ्यावर माणूस पोहोचला १९५३ साली, आणि उंची जाहीर झाली होती १८५६ साली. माथ्यावर न जाता उंची मोजली कशी?

याची सुरुवात हिमालयापासून फार दूर, मद्रासेजवळ झाली. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे जमिनीवर एक सरळ रेषा साखळीने मोजली आणि त्या एका रेषेच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकू लागला. आपल्या भूमितीतलेच तत्त्व हे: त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. कोन मोजायचे त्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. ते टेकड्यांवर चढवायचे, जिथे टेकडी नाही तिथे देवळाच्या गोपुरावर चढवायचे. वीस वर्षे हे काम करून लॅम्ब्टन नागपूरकडे निघाला असता वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी वारला. वर्धा जिल्ह्यातल्या शिक्षकांनो, त्याची कबर तुमच्या हिंगणघाटला आहे. मुलांना एकदा ती जागा दाखवा आणि मग एव्हरेस्टचा धडा घ्या.

लॅम्ब्टनच्या मागे जॉर्ज एव्हरेस्ट आला आणि त्याच्या मागे अँड्र्यू वॉ. नेपाळात शिरायला परवानगी नव्हती. म्हणून १८४९–५० च्या सुमारास बिहारच्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांवरून, हिमालयाच्या शिखरांचे कोन घेतले गेले. एका शिखराला तर नावही नव्हते. कागदोपत्री ते 'शिखर क्रमांक १५' होते. या सगळ्या आकड्यांचे गणित करणाऱ्या गणकांचा प्रमुख होता राधानाथ सिकदार, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला बंगाली गणिती. नुसता कोन घेऊन भागत नाही. प्रकाशाचा किरण हवेतून येताना वाकतो, पृथ्वी स्वतः गोल आहे, दोन्हींचा हिशेब धरावा लागतो. सहा ठिकाणांहून घेतलेली मापे साधारण २८,९९० ते २९,०२६ फुटांच्या दरम्यान आली. त्यांची सरासरी २९,००२ फूट. पुष्कळांनी एक गोष्ट ऐकली असेल, की उंची बरोबर २९,००० आली आणि लोकांना ती अंदाजे वाटू नये म्हणून दोन फूट मनचे चढवले. गोष्ट मजेची आहे, पण त्या सहा आकड्यांची सरासरी खरोखरच २९,००२ निघते.

वॉने शिखराला आपल्या आधीच्या अधिकाऱ्याचे, एव्हरेस्टचे, नाव सुचवले आणि १८६५ साली लंडनच्या भूगोल-सभेने ते मान्य केले. तिबेटात त्याला चोमोलुंग्मा म्हणतात, नेपाळात सगरमाथा. ज्या सिकदारने हिशेब केला त्याचे नाव आपल्या मुलांच्या पाठांतरात क्वचितच असते. पुढे १९५५ साली भारतीय सर्वेक्षण खात्याने नव्या मापांवरून उंची २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर धरली, आणि ८ डिसेंबर २०२० रोजी नेपाळ व चीन यांनी मिळून ८,८४८.८६ मीटर हा आकडा जाहीर केला. तेव्हा तुमच्या मुलाने '२९,००२' असे लिहिले तर त्याला रागावण्याआधी जरा विचारा, बाबा, हा आकडा तू कुठे वाचलास?

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येऊ. 'शिवाजीमहाराजांचा जन्म केव्हा झाला?' महाराष्ट्रात हा प्रश्न न विचारता एकही परीक्षा पार पडत नाही. आज प्रत्येक मूल सांगेल, १९ फेब्रुवारी १६३०. पण तुमच्या वडिलांना किंवा आजोबांना विचारून पाहा. त्यांच्यातले काहीजण १६२७ सांगतील, आणि तेही त्यांना शाळेतच शिकवलेले असेल.

हे कसे झाले ते ऐका. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्रँट डफने १८२६ साली आपल्या ग्रंथात १६२७ चा मे महिना दिला. बखरींतून शके १५४९, वैशाख महिना असा उल्लेख येई. मात्र तिथी सगळीकडे सारखी नव्हती. बखरी बहुतेक मागाहून लिहिलेल्या. लोकमान्य टिळकांनी १९०० साली 'केसरी'त या तिथीच्या घोळाविषयी लिहिले होते. पण घोळ दाखवणे वेगळे आणि त्यावर पुरावा सापडणे वेगळे.

पुरावा निघाला तो मावळातून. भोरकडच्या कारी गावचे जेधे देशमुख म्हणजे महाराजांच्या पहिल्या सोबत्यांपैकी कान्होजी जेध्यांचे घराणे. त्यांच्या दप्तरात एक शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या शकात, कोणत्या महिन्यात काय घडले, याची कोरडी टिपणवही. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या नोंदी तीत आहेत. ना वर्णन, ना स्तुती. टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिलेला आहे.

आता मुलांकडून एक गणित करून घ्या. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण पौष, माघ, फाल्गुन अशा शेवटच्या महिन्यांत इंग्रजी साल उलटून गेलेले असते, तेव्हा ७९ मिळवायचे. १५५१ मध्ये ७९ मिळवा. १६३० आले. आणि तो दिवस खरेच शुक्रवार होता काय, हेही पंचांगाच्या गणिताने पाहता येते. होता. जुन्या कागदात तिथी, वार आणि संवत्सर तिन्ही जुळले, म्हणजे लिहिणाऱ्याने काही तरी पाहून लिहिले होते असा भरवसा वाटतो.

तरी एका कागदावर कोणी थांबले नाही. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदाने 'शिवभारत' नावाचे संस्कृत काव्य रचले होते. त्याची प्रत सापडली कुठे, तर तंजावरला! महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे राज्य तिथे होते, तेव्हा ती तिथे गेली यात नवल नाही. सदाशिव महादेव दिवेकरांनी ती उजेडात आणली आणि १९२७ साली ते काव्य छापले गेले. त्यातही फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. राजस्थानात, जोधपूरकडे, जुन्या जन्मपत्रिकांच्या एका संग्रहात महाराजांची पत्रिका मिळाली. तीही याच बाजूने बोलली. मावळ, तंजावर, जोधपूर: तीन कोपऱ्यांतले तीन कागद, एकमेकांना न विचारता लिहिलेले.

एवढे होऊनही वाद मिटायला वेळ लागला. राज्य सरकारने १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारखी माणसे तीत होती. त्यांच्यातही एकमत झाले नाही. शेवटी २००१ साली सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. तिथीप्रमाणे जयंती करणारे लोक ती फाल्गुन वद्य तृतीयेला करतात, म्हणून दर वर्षी ती निराळ्या तारखेला येते. शिवाय १९ फेब्रुवारी ही इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या पंचांगाप्रमाणे. आज आपण वापरतो त्या पंचांगाने मोजले तर तो दिवस १ मार्च १६३० पडतो. हे सगळे लहान मुलांच्या डोक्यात कोंबा, असे मी म्हणत नाही. पण सातवीच्या वर्गात जेध्यांच्या वहीची गोष्ट सांगायला एक तास पुरतो, आणि मुले ती कान टवकारून ऐकतात. मी हे करून पाहिले आहे.

शास्त्राचा एक प्रश्न राहिलाच. 'पाणी किती अंशांवर उकळते?' शंभर. पण अलिबागच्या किनाऱ्यावर शंभर. महाबळेश्वरला उष्णतामापक बुडवून पाहाल तर पारा पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासच थांबतो. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळते, आणि म्हणूनच तिथे डाळ शिजायला वेळ लागतो. स्वयंपाकघरातली आई हे पुस्तकावाचून जाणते. ज्या सेल्सियसच्या नावाने आपण हे अंश मोजतो, त्याने १७४२ साली मोजपट्टी केली ती उलटी होती: उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठत्या पाण्याला शंभर! त्याच्या मृत्यूनंतर ती पालथी घातली गेली.

आणि नागरिकशास्त्रात तर बघायलाच नको. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हे २६ होते. २०१४ साली पालघर झाला आणि ते ३६ झाले. एकाच घरात आजोबा, मुलगा आणि नात तीन आकडे सांगतील, आणि तिघांच्याही शाळेत तो बरोबर धरला असेल.

आता मी परीक्षक म्हणून जातो तेव्हा काय करतो ते सांगतो. उत्तर माझ्या कागदाशी जुळले नाही, तर लगेच शून्य मांडत नाही. 'कशावरून?' असे विचारतो. मूल म्हणाले, 'पुस्तकात आहे,' तर पुस्तक कोणते आणि कोणत्या सालचे, हे विचारतो. याने वेळ लागतो, संयोजक घड्याळाकडे बघतात, चहा निवतो. बघू देत, निवू दे.

शाळेतली जुनी सामान्यज्ञानाची पुस्तके मात्र रद्दीत घालू नका. एक जुने आणि एक नवे अशी दोन शेजारी ठेवा, आणि कोणती उत्तरे बदलली ती शोधायला मुलांना बसवा. जुन्या उत्तराच्या समासात पेन्सिलीने नवे उत्तर आणि ते बदलल्याचे साल लिहून ठेवले की पुस्तक आणखी दहा वर्षे चालते. छपाईचे साल बहुधा पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. मुलांना आधी ते पान उघडायला सांगा.